अमेरिकेतल्या वेल्फेअरचा इतिहास मुंबईत बसून का शिकायचा? कुणीतरी सरळ भाषेत सांगा

हार्बरलाइन_वाली
मंडळी, एमएसडब्ल्यूचं (सोशल वर्कमधलं मास्टर्स) पहिलं सेमिस्टर चालू आहे आणि डोक्याचा भुगा झालाय. सकाळी फिल्डवर्क शिवाजीनगर-बैंगनवाडीत, तिथे कुणाची केवायसी रखडली म्हणून रेशन बंद, कुणाचा अंगठाच मशीनवर उठत नाही, आणि दुपारी वर्गात येऊन बसलं की एलिझाबेथ राणीचा १६०१ चा गरिबांचा कायदा, बफेलोची चॅरिटी सोसायटी, शिकागोचं हल हाऊस, रूझवेल्ट, क्लिंटन... सर नुसत्या स्लाइड्स पुढे ढकलतात. शुक्रवारी इंटर्नल आहे. मेरी रिचमंड आणि जेन अ‍ॅडम्स यांच्यात नेमका फरक काय, दोघी गरिबांसाठीच काम करत होत्या ना? आणि १९३५ आणि १९९६ ही दोनच वर्षं सगळे का घोकून घेतात? खरं तर मूळ प्रश्न हा की हे सगळं आपण का शिकतोय. चिडून नाही विचारत, खरंच कळत नाहीये.

एम_पूर्व_वॉर्ड
अगं, झिंज्या उपटल्या नाहीत त्यांनी, पण दोघींच्या वाटा वेगळ्या. आधी चॅरिटी सोसायट्या आल्या, अमेरिकेतली पहिली बफेलोला, १८७७ मध्ये, लंडनचं बघून. तेव्हा मंदी होती, शहरात दहा ठिकाणी दानधर्म चालायचा आणि शेठ लोकांना धास्ती की एकच माणूस पाच दारांत जाऊन घेतोय. मग शहराचं एक रजिस्टर केलं, कोणी कुठून काय घेतलं ते त्यात, आणि सुखवस्तू घरातल्या बायका मैत्रिणीच्या नात्याने गरिबाच्या घरी जायच्या, नवरा पितो का, घर झाडलंय का, मुलं शाळेत जातात का सगळं बघायच्या. पैसे शक्यतो द्यायचे नाहीत, सल्ला द्यायचा. डुप्लिकेट लाभार्थी शोधायची खाज आधारच्या शंभर वर्षं आधीची आहे बघ.

रिचमंड याच सोसायट्यांमधून वर आली, बाल्टिमोरला १८८९ साली असिस्टंट ट्रेझरर म्हणून लागली होती. तिच्यावर टीका करणं सोपं आहे, पण तू उद्या केस हिस्टरी घेशील, शेजारी, शाळा, डॉक्टर सगळ्यांकडून माहिती जुळवशील, ती पद्धत नीट मांडली तिने, १९१७ च्या तिच्या सोशल डायग्नॉसिस पुस्तकात.

अ‍ॅडम्स त्याच १८८९ मध्ये एलन गेट्स स्टारबरोबर शिकागोच्या हॉलस्टेड स्ट्रीटवर राहायलाच गेली, तेच घर म्हणजे हल हाऊस. इटालियन, ग्रीक, ज्यू कामगारांची वस्ती. तिचं म्हणणं, लांबून येऊन चौकशी करून काही कळत नाही, इथेच राहा. वस्तीत पोरं आजारी पडायची तर ही आईला स्वच्छतेचं लेक्चर देत बसली नाही, लाकडी पेट्यांमधून कचरा ओसंडून वाहतोय आणि कंत्राटदार उचलत नाही हे तिने धरलं. १८९५ साली चक्क एकोणिसाव्या वॉर्डची कचरा इन्स्पेक्टर झाली आणि पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरायची. देवनार डम्पिंगच्या शेजारी फिल्डवर्क करणाऱ्या पोरीला हे कुणी सांगितलं नाही म्हणजे कमाल आहे. त्याच वर्षी हल हाऊसच्या लोकांनी घरोघर फिरून कोण कुठून आलंय, आठवड्याला किती कमावतंय याचे रंगीत नकाशे छापले. थोडक्यात एकीने माणसाची फाइल उघडली, दुसरीने वॉर्डाची. नोकरीत दोन्ही लागतात पण पगार बहुतेक पहिलीचा मिळतो, असो.

गिरगाव_गल्ली_नंबर_तीन
सगळं छान आहे हो, पण प्रश्न तिचा बरोबर आहे ना. आपल्याकडे जोतिबा-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ मध्ये काढलं, सत्यशोधक समाज १८७३ चा, म्हणजे तुमच्या त्या बफेलोच्या आधीचा. शाहू महाराजांची वसतिगृहं आहेत. हे सोडून पोरांना शिकागोच्या गल्ल्या पाठ करायला लावायच्या? गोऱ्यांनी केलं की प्रोफेशन आणि आपण केलं की समाजसुधारणा, म्हणजे तो इतिहासाच्या पेपरात, आपल्या नाही.

ओपीडीतली_ताई
गिरगावकर, फुले अभ्यासक्रमात पहिल्या पानावर हवेत, यात वादच नाही. पण हे दोन इतिहास तुम्ही समजता तसे अलग नाहीत. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, दोनेक वर्षं गावोगाव भाषणं दिली, बॉस्टनला त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन उभी राहिली, आणि ११ मार्च १८८९ ला शारदा सदन उघडलं ते कुठे, तर तुमच्याच गिरगाव-चौपाटी भागात. हल हाऊस त्याच वर्षीच्या सप्टेंबरचं. म्हणजे मुंबई सहा महिने पुढे. शिवाय तिकडच्या संस्था, बायकांच्या संघटना, दानधर्माच्या पद्धती यावर त्यांनी मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं, तेही १८८९ मध्येच.

आणि हार्बरलाइन, मुंबईशी संबंध विचारतेस तर नागपाड्याला जाऊन ये. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा अमेरिकन मराठी मिशनचा माणूस शिकागोत शिकून इकडे आला आणि त्याने नागपाडा नेबरहुड हाऊस चालवलं, हल हाऊसच्याच धर्तीवर. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क तिथेच सुरू झालं, तोच पहिला डायरेक्टर. ते पुढे अंधेरी करत १९५४ मध्ये देवनारला आलं, आपली टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. माझी लाइन, हॉस्पिटलातलं सोशल वर्क, तीही तिकडूनच आलेली. बॉस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात १९०५ साली डॉक्टर रिचर्ड कॅबटने सोशल वर्कर बसवली कारण औषध लिहून दिलं तरी पेशंट त्याच घरात, त्याच कामावर परत जातो हे त्याच्या लक्षात आलं. आपल्याकडे पहिली नेमणूक जेजेला, १९४६. त्यामुळे तुझ्या अभ्यासक्रमात शिकागो का, याचं उत्तर हेच की अभ्यासक्रम लिहिणारे तिथून आले. ते बदलायला हवं का, तर हो, पण कुठून आलं हे माहीत नसेल तर बदलणार काय डोंबल.

पेन्शनीतले_काका
१९३५ वर मी सांगतो, माझा विषय आहे. १९२९ ला बाजार कोसळला, चार वर्षांत दर चार कामगारांमागे जवळपास एक बेकार. चॅरिटी सोसायट्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या, राज्यांच्या पण. तोवर वॉशिंग्टनचं म्हणणं काय तर गरीब हा ज्याचा त्याचा किंवा गावाचा प्रश्न. १८५४ मध्ये डोरोथिया डिक्सने मनोरुग्णांसाठी सरकारी जमीन मिळवायचं बिल काँग्रेसमधून पास करून घेतलं तर अध्यक्ष पीअर्सने व्हेटो केलं होतं, केंद्राने दानधर्मात पडायचं नाही म्हणून. ते ऐंशी वर्षं टिकलं. ते मोडायला अध्यक्ष रूझवेल्ट लागले आणि त्यांच्यामागे दोन माणसं, मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स आणि सरकारी मदतकार्य सांभाळणारा हॅरी हॉपकिन्स. पर्किन्सबाई हल हाऊसमध्ये वावरलेल्या, हॉपकिन्स न्यूयॉर्कच्या एका सेटलमेंट हाऊसमध्ये (हल हाऊससारखंच वस्तीतलं घर) नोकरी केलेला, म्हणजे सोशल वर्कच्याच तालमीतले. १४ ऑगस्ट १९३५ ला सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही झाली. म्हातारपणचं पेन्शन, बेकारी विमा, निराधार मुलांना मदत सगळं एका कायद्यात.

महिन्याचा पहिला चेक जानेवारी १९४० मध्ये व्हरमाँटच्या आयडा मे फुलर बाईंना मिळाला, २२ डॉलर ५४ सेंट. त्यांनी पगारातून एकूण भरले होते २४ डॉलर ७५ सेंट. बाई शंभर वर्षं जगल्या आणि २२ हजार ८०० च्या वर घेऊन गेल्या! आमच्या ऑफिसात हे सांगितलं की सगळे खूश व्हायचे.

पण परीक्षेत लिहायची गोष्ट वेगळी. त्या पेन्शनमधून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेत काळे लोक बहुतेक याच दोन कामांत. कुणी म्हणतं दक्षिणेच्या पुढाऱ्यांना स्वस्त मजूर हवे होते, कुणी म्हणतं खजिनावाल्यांनी सांगितलं की घराघरातून वर्गणी गोळा करणं जमणार नाही, इतिहासकार अजून भांडतात. घरकामगार आत यायला १९५० उजाडलं, ते पण नियमित काम असलेलेच. आपल्याकडे राज्यात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, तर फार हसायला नको.

हार्बरलाइन_वाली
काका हे भारी आहे. पण मग १९९६? आणि पेन्शन घेणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही आणि मुलांसाठी मदत घेणाऱ्या बाईला सगळे ठेवतात, असं का?

एम_पूर्व_वॉर्ड
आत्ता बरोबर जागी बोट ठेवलंस. पेन्शन पगारातून कापलेलं म्हणून हक्काचं वाटायचं, मुलांची मदत करातून म्हणून भीक. आणि ती मदत राज्यांच्या हातात, रक्कम त्यांची, अटी त्यांच्या. १९६० मध्ये लुइझियानाने घर 'योग्य' नाही म्हणून सुमारे २३ हजार मुलांची मदत एका फटक्यात काढली, बहुतेक काळी मुलं. कारण काय, तर आईला लग्नाशिवाय मूल झालं. अलाबामात नियम होता की बाईकडे पुरुष येतो म्हणजे तो मुलांचा बाप धरायचा आणि मदत बंद. तिथली एक चार मुलांची आई, पहाटे साडेतीनपासून दुपारी बारापर्यंत हॉटेलात स्वयंपाकी आणि वेट्रेस, आठवड्याला १६ ते २० डॉलर, एक माणूस शनिवार-रविवारी यायचा ज्याला स्वतःची नऊ मुलं होती, त्यावरून हिची मदत बंद. ती कोर्टात गेली आणि १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने नियम उडवला, ज्याच्यावर मुलांना पोसायची कायदेशीर जबाबदारीच नाही त्याला बाप धरून मदत बंद करता येणार नाही.

आणि हे पुरुष शोधायला रात्री जायचं कोण? केसवर्कर, आपल्याच धंद्यातले. कॅलिफोर्नियाच्या अलमीडा काउंटीत १९६३ मध्ये असा सकाळी सकाळी छापा होता, अंथरुणं तपासायची, एका केसवर्करने सांगितलं मी जाणार नाही. नोकरीवरून काढला. चार वर्षांनी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्याची बाजू घेतली. रिचमंड-अ‍ॅडम्सपेक्षा हा माणूस जास्त शिकवायला हवा असं माझं मत.

मग १९९६ तर सरळच आहे. रिपब्लिकन पुढारी रेगन १९७६ पासून सभांमध्ये वेल्फेअरवर मजा मारणाऱ्या बाईची गोष्ट सांगत होता, ऐकून ऐकून लोकांच्या डोक्यात बसली, आणि शेवटी सही केली क्लिंटनने, २२ ऑगस्ट १९९६, म्हणजे डेमोक्रॅटने. १९३५ पासूनची मुलांच्या मदतीची हमी गेली. राज्यांना ठरावीक रक्कम, वर्षाला साधारण साडेसोळा अब्ज डॉलर, महागाई वाढली तरी तेवढीच, आणि केंद्राच्या पैशातून मोठ्या माणसाला आयुष्यात मिळून ६० महिने. पीटर एडेलमन नावाच्या त्यांच्याच अधिकाऱ्याने निषेध म्हणून राजीनामा दिला.

गिरगाव_गल्ली_नंबर_तीन
पण फुकट वाटत राहिलं की लोक कामं सोडतात हे पण खरं ना. लाडक्या बहिणीचे १५०० आले की आमच्याकडची बाई दोन दिवस येत नाही.

ओपीडीतली_ताई
१५०० रुपयांत मुंबईत दोन दिवसांची सुट्टी घेतली बिचारीने तर घेऊ द्या. तुम्ही तिला पगारी सुट्ट्या किती देता ते आधी सांगा.

पेन्शनीतले_काका
😂 गिरगाव आता उत्तर देणार नाही.

हार्बरलाइन_वाली
सगळ्यांना थँक यू, अलमीडा नक्की लिहिते. एक राहिलं, उद्या वस्तीत आम्हाला एका संस्थेचा सर्व्हे फॉर्म भरून घ्यायचाय, त्यात एकल महिलांसाठी कॉलम आहे, 'घरी पुरुषांचे येणेजाणे आहे का'. आज दुपारपर्यंत मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता काय करू, भरू की नको?

एम_पूर्व_वॉर्ड
कोरा सोड आणि सुपरवायझरला मेलवर विचार की या माहितीचं पुढे काय होणार, कुणाकडे जाणार. तोंडी नको, मेलच कर.