अकरावीतला मुलगा पासवर्डशिवाय रूट झाला! वाचनालयातल्या आठ संगणकांसाठी सल्ला हवा

सत्तरीची_ग्रंथपाल
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका गावात वाचनालय सांभाळते. आठ डेस्कटॉप आहेत, ४ जीबी रॅम, उबंटू २०.०४ हे लिनक्स. सात मुलांसाठी, एक माझ्या टेबलावर. मुलांसाठी 'विद्यार्थी' हे साधं खातं आहे, त्याचा पासवर्ड फळ्यावरच लिहिलेला असतो. ॲडमिनचा पासवर्ड फक्त माझ्याकडे.

काल अकरावीतला एक मुलगा म्हणाला, "टीचर, गंमत दाखवू?" पेनड्राइव्ह लावला, टर्मिनलमध्ये एक ओळ टाकली, आणि शेवटी डॉलरचं चिन्ह असतं तिथे हॅश आलं. 'हू-ॲम-आय' विचारलं तर उत्तर 'रूट', म्हणजे मशीनवर काहीही करू शकणारं सर्वाधिकारी खातं. पासवर्ड मागितलासुद्धा नाही.

ज्यांनी मशीन बसवून दिली ते म्हणतात अँटीव्हायरस घ्या. आठ मशीनचं कोटेशनही आलंय. नेट डोंगलवर चालतं, डेटा संपतो म्हणून अपडेट त्यांनीच बंद करून ठेवले होते. काय करू?

म्हापशेकर
कोटेशनच्या मागच्या बाजूला बाजाराची यादी करा. बाकीचं जाणकार सांगतीलच.

फोंड्याचा_सिसॲडमिन
ताई, मुलाने नक्की काय चालवलं ते त्यालाच विचारा, पण वर्णनावरून 'पीकेएक्झेक'चं छिद्र वाटतंय. हा प्रोग्राम कोणीही चालवला तरी रूटच्या अधिकाराने चालतो, त्याचं कामच ते. त्याला एकही आर्ग्युमेंट (कमांडसोबत द्यायची माहिती) न देता बोलावलं की तो आर्ग्युमेंटची यादी ओलांडून शेजारच्या एन्व्हायर्नमेंटच्या (सेटिंगच्या) यादीत हात घालतो. मग आपल्या सोयीची लायब्ररी (तयार कोडची फाइल) रूट म्हणून लोड करून घेता येते. क्वालिस या सुरक्षा कंपनीने २५ जानेवारी २०२२ ला हे जाहीर केलं, नाव 'पॉनकिट', छिद्रांच्या जाहीर यादीतला (सीव्हीई) क्रमांक सीव्हीई-२०२१-४०३४. चूक मात्र मे २००९ पासूनची. बारा वर्षांहून जास्त काळ जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर नुसती पडून होती.

'सुडो'चंही तसंच, म्हणजे परवानगी असलेल्याला रूट म्हणून कमांड चालवू देणारा प्रोग्राम. २०११ मध्ये शिरलेली चूक जानेवारी २०२१ ला उघडी पडली. दोन्हींचे पॅच (दुरुस्त्या) उबंटूने जाहीर झाल्या झाल्या दिले, तुमच्या मशीनपर्यंत पोचले नाहीत एवढंच. अँटीव्हायरस इथे काय करणार? दाराची कडी मोडली आहे, कडी बसवा.

आज लगेच करायचं असेल तर पीकेएक्झेकवर 'सीएचमॉड ०७५५' चालवा. एसयूआयडी बिट (कोणीही चालवला तरी मालकाच्या, इथे रूटच्या, अधिकाराने चालवणारी खूण) निघून जाईल आणि हा रस्ता बंद होईल. ही मलमपट्टी आहे, औषध म्हणजे अपडेटच.

पेडण्याचो_भुरगो
एवढं कशाला? नेट काढून टाका. नेट नाही तर हॅकर नाही.

फोंड्याचा_सिसॲडमिन
बाबा, धाग्याचं शीर्षक परत वाच. पोरगा खुर्चीत बसलेला होता, पेनड्राइव्ह घेऊन. लोकल छिद्र म्हणजे हेच, साधं खातं हातात असलं की पुरे, नेट लागतच नाही. नेट काढलंस तर बंद होतील फक्त पॅच.

मडगावची_माई
ताई, पॅच लावले तरी आधी आत शिरलेला बाहेर जात नाही, हे कोणी सांगत नाहीये. मुलाने गंमत म्हणून दाखवलं, पण फळ्यावरचा पासवर्ड वापरणारा तो एकटाच नाही. रूट मिळालेला माणूस स्वतःसाठी चोरवाट ठेवू शकतो. पासवर्ड फाइलमध्ये यूआयडी (खात्याचा क्रमांक) शून्य, म्हणजे रूटचाच, असलेलं दुसरं खातं, सुडो ग्रुपमध्ये अनोळखी नाव, रूटच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) एखादी ओळ, कुठेतरी लपवलेली एसयूआयडी लावलेली शेलची (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची) कॉपी. बघा सगळं, पण शोधत बसण्यापेक्षा मुलांची सात मशीन सरळ पुसून नव्याने टाकलेली बरी. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत होऊन जाईल.

टाकायचंच तर २०.०४ परत नको, त्याचा मोफत सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. उबंटू प्रो (जास्त वर्षं पॅच देणारी सेवा) पाच मशीनपर्यंत फुकट आहे, पण वैयक्तिक वापरासाठी, आणि तुमची आठ. मी डेबियन १३ हे लिनक्स टाकेन, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह. ४ जीबीत छान चालतं, पॅच २०३० पर्यंत मिळतील. 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' चालू ठेवा, पॅच आपोआप लागतील. डोंगलची काळजी असेल तर तुमच्या टेबलावरच्या मशीनवर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' बसवा, पॅकेज एकदाच उतरेल आणि बाकीची सात तिथून घेतील.

बायोसला पासवर्ड घाला आणि पेनड्राइव्हवरून बूट बंद करा. ग्रबलाही (मशीन सुरू होताना लिनक्स उचलणाऱ्या प्रोग्रामलाही) पासवर्ड हवा, नाहीतर तिथली बूटची ओळ बदलून रूट आयतंच मिळतं. होम आणि टेंप 'नोएक्झेक' माउंट केलेत तर पेनड्राइव्हवरून कॉपी केलेला प्रोग्राम तिथून थेट चालणार नाही. पायथनची स्क्रिप्ट तरीही चालेल, म्हणून त्यावर विसंबू नका.

म्हापशेकर
अवांतर: २०२२ चं 'डर्टी पाइप' कोणाला आठवतंय का? मॅक्स केलरमन नावाच्या माणसाकडे ग्राहकाची तक्रार आली की लॉगच्या फाइल उघडत नाहीत. खराब झालेल्या फाइल चाळता चाळता तो थेट कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) चुकीपर्यंत पोचला. ते छिद्र ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये होतं. २०.०४ चा मूळ ५.४ वाचला, नव्या कर्नलवर गेलेले अडकले. आमच्या ऑफिसात एक जुनं मशीन त्या दिवशी भलतंच भाव खाऊन गेलं.

पेडण्याचो_भुरगो
माझ्याकडे सुडो १.८.३१ दाखवतंय, आणि लोक सांगतात १.९.५पी२ हवा. म्हणजे मीही उघडाच?

फोंड्याचा_सिसॲडमिन
नाही रे. उबंटू आणि डेबियन नवी आवृत्ती देत नाहीत, जुन्यातच फक्त दुरुस्ती घालतात. तुझ्या १.८.३१ च्या पुढची शेपटी बघ. शेवटी '१उबंटू१.२' किंवा त्याच्या पुढचं असेल तर ते छिद्र बुजलंय. 'ॲप्ट चेंजलॉग सुडो' केलंस की सीव्हीईचे क्रमांकच सापडतील.

ताई, मशीन पुसेपर्यंत २०.०४ वर जेवढे पॅच मिळतात तेवढे आजच घ्या, मे २०२५ पर्यंतचे सर्व्हरवर आहेत. नंतर 'नीडरीस्टार्ट' चालवा, कोणत्या सेवा जुन्याच कोडवर चालल्यात ते सांगतो. गंमत म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या राखणदारातच रूट देणारी छिद्रं सापडली, तेव्हा त्याची दुरुस्त आवृत्ती मिळाली तरच चालवा.

सत्तरीची_ग्रंथपाल
देव बरें करूं सगळ्यांचं. मुलाला विचारलं, पॉनकिटच होतं, मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतलेलं. रविवारी दिवसभर बसून आठही मशीन अपडेट केली. आज त्याच्याकडूनच परत करून घेतलं. दोन वेळा ओळ टाकली, डॉलर हलला नाही. चेहरा पडला बिचाऱ्याचा. चवथीला सात मशीनवर डेबियन टाकणार, तोही येतो म्हणालाय.

मडगावची_माई
बरें जालें. रीस्टार्ट केली ना? कर्नलचा पॅच डिस्कवर उतरला तरी रीस्टार्ट होईपर्यंत चालू असतो तो जुनाच कर्नल. 'युनेम -आर' बघा, चालू कर्नल कोणता ते कळेल.

सत्तरीची_ग्रंथपाल
मुलांची सात मशीन रोज संध्याकाळी बंद होतात, शिवाय पावसात दिवसातून दोनदा वीज जाते, त्यामुळे ती सगळी नव्या कर्नलवर आहेत. माझं टेबलावरचं इन्व्हर्टरवर. अपटाइम (सलग किती चालू आहे ते) ११३ दिवस दाखवतोय, आणि कर्नल जुनाच. थांबा, वर्गणीची शीट उघडी आहे, सेव्ह करते आणि रीस्टार्ट मारते.