मदत हवी आहे : सातेरीच्या पेटीतील अळ्या मरत आहेत, तपासणी कशी करावी?

बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणालगत आमच्या गच्चीवर सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. त्यांपैकी एका पेटीत गेल्या पंधरवड्यापासून कोषात जाण्याच्या बेतातील अळ्या घरकुलातच उताण्या, डोके वर करून मेलेल्या आढळतात. चिमट्याने उचलल्यास त्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या बाहेर येतात.

हे वर्णन थाई सॅकब्रूड विषाणूशी जुळते. १९९१-९२ मध्ये याच विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहतींचा मोठा संहार केला होता, म्हणून धास्ती वाटते. सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी होते, हेही खरे. परंतु विषबाधा असती तर पेटीच्या दाराशी प्रौढ माश्यांचा खच दिसला असता आणि तसा तो नाही. (सचिवांना मात्र दोष कीटकनाशकाचा नाही, हे ऐकून फारच बरे वाटले.)

विषाणूवर औषध नसल्यामुळे राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणे थांबवावे, असे वाचले आहे. हा उपाय कोणी सातेरीवर प्रत्यक्ष केला आहे का, आणि किती दिवस? शिवाय, फाउलब्रूड या अळ्यांच्या जिवाणूजन्य रोगाची शक्यता निश्चितपणे वगळण्यासाठी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे नमुना पाठवायचा झाल्यास अळ्या बर्फात ठेवाव्यात की अल्कोहोलमध्ये, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. दुसरी पेटी अद्याप निरोगी आहे. ती तातडीने अन्यत्र हलवावी का?