मदत हवी आहे: जलवाहिनीच्या कामाला लम्पसम की आयटम रेट? आणि फ्रेमवर्क करारात आपण कितपत बांधील?

जाणकारांनो, जरा मार्ग दाखवा. एका सार्वजनिक संस्थेच्या लेखा विभागातून माझी नुकतीच खरेदी विभागात बदली झाली आहे. बिलं तपासायची सवय आहे, पण करार कोणत्या पद्धतीचा करायचा हे ठरवायची वेळ पहिल्यांदाच आली.

जमिनीखालची जुनी जलवाहिनी बदलायची आहे. नकाशे अर्धवट, आणि खाली खडक किती लागेल हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. साहेब म्हणतात, "लम्पसम (सगळ्या कामाला मिळून एकच ठरावीक रक्कम) करून टाका, नंतर कटकट नको." अभियंते आयटम रेटवर, म्हणजे प्रत्येक बाबीचा दर ठरवून झालेल्या कामाच्या मोजमापाप्रमाणे पैसे देण्यावर, अडून बसलेत.

शिवाय प्रयोगशाळेला वर्षभर रसायनं लागतात. नेमकी किती, ते आधी कळत नाही, आणि दर वेळी निविदा काढणं शक्य नाही. त्यासाठी फ्रेमवर्क करार सुचवलाय. ठरलेला माल नाही उचलला तर आपण अडकतो का? पुरवठादार एकच ठेवायचा की तिघं-चौघं?

मोजमापवही:
साहेबांची कटकट टळेल ती निविदा उघडेपर्यंतच. लम्पसममध्ये खडकाचा धोका कंत्राटदाराच्या अंगावर जातो खरा, पण तो धोका कुणी फुकटात घेत नाही. अनुभवी माणूस खडक धरूनच आकडा फुगवतो. नवखा कमी आकड्यात काम घेतो आणि पहार खणाणली की दावे लावत बसतो. आराखडा पक्का असेल तर लम्पसमला माझी ना नाही. तुमचं काम तसं दिसत नाही, अभियंत्यांचं ऐका. फिडिकच्या (सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) १९९९ च्या लाल पुस्तकातही, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारातही, प्रत्यक्ष मोजमापावरच पैसे देण्याची पद्धत आहे.

मात्र आयटम रेटमध्ये एक गोम आहे. समजा, तुम्ही मातीतलं खोदकाम ९५० घनमीटर आणि खडकातलं ५० घनमीटर धरलं. ज्याला जागा माहीत आहे तो ओळखतो की खडक ४०० निघणार. तो मातीचा दर पाडतो, खडकाचा चढवतो. तुमच्या परिमाणांनी बेरीज केली की सर्वांत कमी निविदा त्याचीच! पुढे मोजमापाच्या वहीत खडक वाढत जातो आणि दुसऱ्या क्रमांकावरचा स्वस्त पडला असता हे अंतिम बिलाला कळतं. लेखा विभागात अशी बिलं तुमच्या हाताखालून गेली असतील.

म्हणून निविदेआधी मार्गावर चाचणी खड्डे घ्या. त्याचा खर्च वाचवू नका. विचित्र दर दिसला तर दरपृथक्करण (तो दर कसा बसवला याचा तपशील) मागा. आणि परिमाण ठरावीक टक्क्यांपलीकडे बदललं तर दर नव्याने ठरेल, असं कलम आधीच घाला.

साठा_नोंद:
रसायनांबद्दल सांगतो. फ्रेमवर्क म्हणजे अटी आणि दर (किंवा दर ठरवायची रीत) आधी ठरवून ठेवणं. खरेदी होते ती त्याखालच्या प्रत्येक आदेशाने. किमान खरेदीची हमी लिहिली नसेल तर माल उचलायचं बंधन सहसा नसतं. अमेरिकेच्या संघीय नियमांत मात्र अनिश्चित परिमाणाच्या करारात किमान परिमाण लिहावंच लागतं. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार अपवाद वगळता मुदत चार वर्षांपर्यंतच.

हमी शून्य ठेवली तर पुरवठादार हात राखूनच दर देतो, म्हणून मागच्या वर्षांच्या वापराचे आकडे निविदेत जोडा. भाव वरखाली होणाऱ्या रसायनांना तिघं-चौघं घ्या आणि प्रत्येक मोठ्या आदेशाआधी त्यांच्यातच छोटी स्पर्धा लावा. युनसिट्रालच्या (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या) सार्वजनिक खरेदीवरच्या २०११ च्या नमुना कायद्यातही ही दुसऱ्या टप्प्याची स्पर्धा आहे. बाकी किरकोळ मालाला एकच पुरे.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही आभार. चाचणी खड्ड्यांचा प्रस्ताव आजच टाकतो. एक सहकारी जलवाहिनीसाठी "होईल तो खर्च अधिक दहा टक्के" सुचवतोय. ते कसं?

मोजमापवही:
अजिबात नको. खर्च जितका वाढेल तितका त्याचा नफा वाढणार, मग काटकसर कोण करेल? अमेरिकेच्या संघीय खरेदीत हा प्रकार सरळ निषिद्ध आहे. खर्चावर आधारित करार करायचाच झाला तर फी ठरावीक रकमेची ठेवतात, आणि तेव्हाही प्रत्येक पावती तपासायला माणूस लागतो. तो तुमच्याकडे आहे का?