कुंती की फिलाडेल्फस? झाड फुलत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात गच्चीवर मोठ्या कुंडीत एक झुडूप आहे. रोपवाटिकेतून आणलं तेव्हा त्यावर 'मॉक ऑरेंज' अशी चिठ्ठी होती. माळीकाका म्हणाले, "कुंती आहे ताई, फुलली की जिन्यापर्यंत वास येईल." पालवी झकास आहे, फुलांचा मात्र पत्ता नाही.

'मॉक ऑरेंज' नेटवर शोधलं तर भलतंच प्रकरण निघालं. फिलाडेल्फस नावाचं झुडूप, आणि हे नाव इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या इजिप्तच्या राजाचं, दुसऱ्या टॉलेमीचं! त्याने सख्ख्या बहिणीशी, आर्सिनोईशी लग्न केलं आणि 'भावंडावर प्रेम करणारा' हे बिरुद त्याला चिकटलं. (इतक्या सोज्वळ पांढऱ्या फुलाला हाच राजा सापडला?) तिथला सल्ला असा की बहर ओसरला की लगेच छाटणी करा, आणि हिवाळ्यात पानगळ झाली तर घाबरू नका. माझ्याकडे बहरच नाही, आणि पान एक गळत नाही.

तर कुंडीत नक्की कोण आहे, टॉलेमी की पांडवांची आई? ऊन सकाळी नऊ-दहापर्यंतच मिळतं. शेणखत घालते, मधूनमधून चिमूटभर युरिया. कठड्याबाहेर फांदी गेली की शेजारी कुरकुरतात, म्हणून कात्री सतत चालू. शेजारच्या कुंडीतलं कागदी लिंबूही मरगळलंय.

प्रतिसाद १

ताई, पान बघा. एका दांड्यावर पाच-सात चकचकीत पर्णिका आणि चुरगळल्यावर लिंबासारखा वास असेल तर कुंतीच. फिलाडेल्फसची पानं साधी, समोरासमोर जोडीने येतात. फूल आलं की खात्रीच होईल: कुंतीला पाकळ्या पाच, त्याला बहुधा चार. ते थंड मुलखातलं झाड, आपल्याकडे हिमालयात त्याची एक जात आहे. पुण्याच्या गच्चीवर कुणी विकणार नाही.

त्यामुळे तो छाटणीचा सल्ला विसरा. कुंतीला फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात आणि तीच टोकं तुम्ही कापताय. युरिया बंद, त्याने नुसती पानं वाढतात. कुंडी दुपारपर्यंत ऊन मिळेल तिथे सरकवा. पाऊस पडून गेला की कुंती एकदम फुलते, म्हणून एरवी माती वरून सुकू द्या आणि मग भरपूर पाणी घाला. फुलं दोन दिवसांत झडतात, नंतर लाल फळं येतात आणि बुलबुल हजर.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. राजघराण्याचं म्हणाल तर कुंतीही कमी नाही. यादवांच्या शूरसेनाची मुलगी पृथा, म्हणजे कृष्णाची सख्खी आत्या. कुंतिभोजाला दत्तक गेली म्हणून कुंती.

पण मला काळजी त्या लिंबाची आहे. कुंती, लिंबू, कढीपत्ता हे सगळे एकाच कुळातले आणि सिट्रस सिला ही बारीक कीड तिघांवर बसते. तीच संत्र्या-लिंबांत पानं पिवळी पाडणारा ग्रीनिंग रोग पसरवते. कोवळ्या शेंड्यांवर तपकिरी ठिपक्याएवढे किडे मागची बाजू वर करून बसलेत का, पिल्लांजवळ पांढरे मेणचट धागे दिसतात का, ते भिंगातून पाहा. असतील तर शेंडे काढून निंबोळी तेल फवारा, संध्याकाळी. तोवर दोन्ही कुंड्या लांब ठेवा. आणि लिंबाच्या पानाचा फोटो टाका, पिवळेपणा शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा आहे की वेगवेगळा ते कळलं पाहिजे.