डॉलर बँकेत की वॉलेटमध्ये? (खारघर, सोसायटी ग्रुप)

ऋतुराज, बी-७०४: नमस्कार मंडळी. मी अमेरिकेतल्या क्लायंटचं सॉफ्टवेअरचं काम करतो. आता एक कंपनी म्हणते, तिकडच्या बँकेचा खाते नंबर आणि राउटिंग नंबर तुम्हाला देतो. क्लायंट नेहमीसारखे डॉलर भरणार, हे लोक त्याचे यूएसडीसी (डॉलरच्या किमतीशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) करून माझ्या क्रिप्टो वॉलेटमध्ये टाकणार. आपली बँक रेटमध्ये कापते ते वाचेल. घेऊ का?

देशपांडे काका, ए-१०२: म्हणजे ई-रुपयाच ना? मी वापरतो. दुकानात यूपीआयचा क्यूआर स्कॅन केला की झालं.

ऋतुराज, बी-७०४: नाही काका, ई-रुपया रिझर्व्ह बँकेचा. हे सर्कल नावाच्या खासगी अमेरिकन कंपनीचं.

देशपांडे काका, ए-१०२: बरं. माझ्या ई-रुपयावर व्याज का येत नाही पण?

सचिन, सी-३०१: काका, खिशातल्या नोटेवर येतं का? 😄 ऋतु, बिनधास्त घे. स्टेबलकॉइन आहे, एक म्हणजे एक डॉलर.

अनघा (सीए), बी-२०३: मार्च २०२३ मध्ये नव्हता, सचिन. सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा सर्कलचे ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकले होते. यूएसडीसी ९० सेंटच्याही खाली गेला. अमेरिकन सरकारने ठेवींची हमी दिली म्हणून सावरला. पण ऋतुराजची खरी अडचण ही नाहीच. रुपये कसे करणार?

ऋतुराज, बी-७०४: पी२पीवर, म्हणजे अॅपवर थेट दुसऱ्या माणसाला विकून.

नीलेश, ए-६०४: तिथेच मेहुणा अडकला. समोरच्याने आयएमपीएस केलं, रक्कम चोख. काही दिवसांनी खात्यावर लीन, म्हणजे बँकेने पैसे अडवले. ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीचे निघाले, त्या माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केलेली, तीही दुसऱ्या राज्यात. शाखेत म्हणाले, पोलिसांचं एनओसी आणा. तोवर घराचा हप्ता बाउन्स.

सेक्रेटरी: टँकर २ वाजता येतोय. ए विंगने पाणी जपून वापरावे. चर्चा चालू द्या, मीही वाचतोय.

अनघा (सीए), बी-२०३: ऋतुराज, नीट वाच. वॉलेटमध्ये आलं तरी ते उत्पन्नच. त्या दिवशीच्या रुपयातल्या किमतीवर नेहमीचा कर लागणार. नंतर विकताना नफा झाला तर त्यावर ३० टक्के, तोटा झाला तर तो कशातूनही वजा होत नाही. शिवाय विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, तो रिटर्नमध्ये मिळतो, पण तोवर अडकतो. आणि बँकेतून डॉलर आले की एफआयआरसी (परदेशातून पैसे आल्याचं बँकेचं प्रमाणपत्र) मिळतं, वॉलेटमध्ये आले की काहीच नाही. तू जीएसटीत आहेस, एलयूटीवर (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) शून्य कराने बिल काढतोस. निर्यात धरायची तर पैसे परिवर्तनीय परकीय चलनात (किंवा रिझर्व्ह बँक परवानगी देईल तिथे रुपयात) यायला हवेत. यूएसडीसी त्यात बसत नाही. उद्या अधिकाऱ्याने १८ टक्के मागितले तर दाखवणार काय? फेमाचं, म्हणजे परकीय चलन कायद्याचं, तर मी अजून काढलंच नाही.

सचिन, सी-३०१: पण माझे दोन मित्र असंच घेतात.

अनघा (सीए), बी-२०३: त्यांना नोटीस आली की माझा नंबर दे.

ऋतुराज, बी-७०४: 😅 ठीक, क्लायंटला थेट बँकेत वायरच करायला सांगतो. पण बँकेचा रेट खरंच वाईट आहे ताई.

अनघा (सीए), बी-२०३: गप्प बसलास तर कार्ड रेटच, म्हणजे बँकेचा ठरलेला दर, लावतात. पैसे यायच्या आधी फॉरेक्स डेस्कला मेल कर, रक्कम कळव, चांगला रेट माग. बहुतेक वेळा देतात. इन्व्हॉइसची प्रत आणि परपज कोड पी०८०२ (पैसे कोणत्या कामाचे ते सांगणारा कोड) सोबत पाठव, म्हणजे फोनाफोनी वाचेल.