पोटरीत गोळे येतात, औषधाच्या ट्रायलला नाव देऊ का?

तळजाईकर: वय ४६, बीपी शुगर काही नाही, रोज सकाळी टेकडी चढतो. पण आठवड्यातून तीन-चारदा पहाटे पोटरीत असा गोळा येतो की पांघरूण भिरकावून गार फरशीवर पाय दाबत उभा राहतो आणि बायको झोपेतच "परत का?" विचारते. मॅग्नेशियमच्या गोळ्या दोन महिने खाल्ल्या, आधी बरं वाटलं मग पुन्हा तेच. आता निरोगी माणसांवर पेटक्यांच्या औषधाची ट्रायल आहे असं कळलं. पहिले १४ दिवस म्हणे नुसती डायरी लिहायची, मग औषध किंवा खोटी गोळी. ते १४ दिवस कशाला वाया घालवायचे? आणि धडधाकट माणसाने यात पडावं का?

जुनी_डेटावाली: वाया नाही जात हो. गोळे आपोआप कमी-जास्त होतात, आणि माणूस नाव नोंदवतो ते अगदी कळस झाल्यावर, म्हणजे पुढे काही न घेताही उतरण्याची शक्यता जास्तच. म्हणून आधी औषधाशिवाय किती येतात ते मोजतात. इस्रायलमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची ट्रायल झाली, २०१७ ला छापून आली, ९४ जण होते. औषधवाल्यांचे आठवड्याचे पेटके सरासरी ३.४ ने कमी झाले, भारी ना? खोट्या गोळीवाल्यांचे ३.० ने. तुमचं "आधी बरं वाटलं" ते हेच असणार. फक्त डायरी रोजच्या रोज लिहा, आमच्याकडच्या ट्रायलमध्ये एक काका १४ दिवसांचं सगळं पार्किंगमध्ये बसून एकाच पेनाने भरून आणायचे, आम्हाला शाईवरूनच कळायचं 😀

किरण७१: औषध कुठलं ते आधी विचारा. क्विनाइन, तेच मलेरियावालं, पेटक्यांवर थोडंफार चालतं, २३ ट्रायल एकत्र करून बघितल्या तर दोन आठवड्यांत साधारण २८ टक्के कमी. तरी अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांवर नियंत्रण ठेवणारं सरकारी खातं) नव्वदीच्या दशकातच चिठ्ठीशिवाय मिळणारं बंद केलं कारण कुणाच्या प्लेटलेट धाडकन उतरतात, कुणाच्या हृदयाचे ठोके बिघडतात. कॅन्सरच्या औषधाला माणूस असला धोका पत्करेल, पोटरीच्या गोळ्याला कोण पत्करेल? म्हणूनच पेटक्यांवर नवं औषध येणं अवघड आहे. गोळा आला की पायाची बोटं स्वतःकडे ओढा, तेवढं फुकट आहे.

आंबटतोंड्या: बोस्टनकडे एक वेगळाच प्रयत्न झाला होता. रॉडरिक मॅकिनन, २००३ चे केमिस्ट्रीचे नोबेलवाले, त्यांना स्वतःला कयाक वल्हवताना पेटके यायचे. तोंडातल्या-घशातल्या नसांना झणझणीत चव दिली की स्नायूकडे जाणारे सिग्नल शांत होतात अशी कल्पना, त्यावर गोळीसुद्धा काढली, पण एएलएसच्या (नसा निकामी होऊन स्नायू दुबळे होत जाणारा आजार) पेशंटना ती सोसेना म्हणून २०१८ ला ती ट्रायल थांबली. २०१० च्या एका प्रयोगात घोट्याजवळच्या नसेला करंट देऊन पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम पेटका आणला, तर लोणच्याचं पाणी प्यायल्यावर तो साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला, ते रक्तात उतरायच्या आधीच. लोणचं म्हणजे काकडीचं व्हिनेगरवालं हां, आपल्या कैरीच्या लोणच्याचं तेल रात्री तीनला ढोसू नका.

जुनी_डेटावाली: आणि सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी बघा, २००९ पासून सक्तीची आहे. संमतीपत्र घरी आणून वाचा, तिथल्या तिथे सही नको. काही झालं तर उपचार कोण करणार ते त्यात असतं.

तळजाईकर: नोंदणी सापडली, औषध क्विनाइन नाही. संमतीपत्र बायको वाचतेय. मॅग्नेशियम बंद करून स्वतःच डायरी सुरू केली, आज पाचवी रात्र, गोळा एकदाही नाही. आता यांनी मला घेतलंच नाही तर?