लेक्झिंग्टनला गनिमी कावा? काहीही!

घाटमाथा: परवा इथे एकाने ठोकून दिलं, 'लेक्झिंग्टनला शेतकऱ्यांनी गनिमी काव्याने गोऱ्या फौजेला लोळवलं.' एक तर दोन्हीकडचे गोरेच. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची ही पहिली चकमक. १९ एप्रिल १७७५ ला पहाटे ब्रिटिश फौजेसमोर कॅप्टन पार्करची सत्तर-पंच्याहत्तर गावकरी माणसं लेक्झिंग्टन गावच्या मोकळ्या मैदानात उघडी उभी होती. कसला कावा? त्यांची ८ माणसं मेली, समोरचा एक ब्रिटिश शिपाई जखमी झाला. पहिली गोळी कुणाची यावर अजून भांडण आहे. त्याच दिवशी पुढच्या काँकर्ड गावच्या पुलावरही मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांची हत्यारी पथकं, रांगेतच चालून आली. दिसला आडोसा की म्हण गनिमी कावा, ही खोड कधी जाणार?

तिरकस: ब्रिटिशांची परतीची वाट सोयीस्कर विसरलात. पार बॉस्टनच्या वेशीपर्यंत दगडी कुंपणांआडून, घरांतून गोळ्या. मेलेले, जखमी, बेपत्ता धरून २७३ ब्रिटिश. हा कावा नाही तर काय हळदीकुंकू?

घाटमाथा: आणि त्याच वाटेवरच्या मेनोटोमी गावात तशाच आडोशांमागे बसलेल्यांना ब्रिटिशांच्या बगलेवरच्या तुकड्यांनी मागून गाठलं, ते? त्या दिवशी सर्वांत जास्त रक्त तिथेच सांडलं. कावेबाज असा पाठीवर मार खात नाही.

बॉस्टनची सून: मी इथे अकरा वर्षं. दर एप्रिलला या चकमकीचं नाट्य करतात, तेही पहाटे. एकदा गारठ्यात लेकाला खांद्यावर घेऊन उभी राहिले. पाच मिनिटांत धूर विरला. लेक म्हणतो, "बास? एवढंच?" गाडी कुठे लावावी लागली ते विचारूच नका.

मावळातला: हे सगळं तोंडपाठ, आणि आमचं वडगाव? जानेवारी १७७९. मुंबईचे इंग्रज पुण्यावर निघाले, तळेगावात तोफा तळ्यात ढकलून रातोरात मागे फिरले, आणि महादजींनी वडगावला कोंडून तह लिहून घेतला. तेव्हा तिकडे अमेरिकेचं युद्ध चालूच होतं! मी वडगावात एका दुकानदाराला लढाईची जागा विचारली. म्हणाला, "वडापाव पुढच्या चौकात."

तिरकस: वडगावला पेशव्यांची कसलेली फौज होती हो. शेतकऱ्यांशी तुलना कशाला?

मावळातला: वाटेवरचा दाणावैरण जाळून शत्रूला उपाशी मारला, हा कावा चालत नाही वाटतं तुम्हाला.

घाटमाथा: मालक, वेगळा धागा काढा. तो तह इंग्रजांनी पाळला तरी का? शेवटी १७८२ ला सालबाईचा नवा तह करावाच लागला.

मावळातला: म्हणून वडगाव हरलो? मग १७ जून १७७५ ला बॉस्टनजवळच्या बंकर हिलच्या लढाईत अमेरिकनांची बंदुकीची दारू संपली, टेकडी गेली, तरी अमेरिकन मिरवतातच ना!

घाटमाथा: नाव बंकर हिलचं, पण लढाईची टेकडी ब्रीड्स हिल. आणि ती घेताना हजारावर ब्रिटिश पडले, मेलेले-जखमी मिळून. म्हणून मिरवतात.

रानवारा: टेकड्या मोजा तुम्ही. लेक्झिंग्टनच्या जखमींत प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा गुलाम होता, त्याचं नाव एकाच्याही तोंडी नाही. १७६३ ला ब्रिटिश राजाने ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला बंदी घातली, तीही या वीरांना खुपत होती. जमीन मुळात कुणाची?

घाटमाथा: विषय लढायांचा आहे.

रानवारा: हो, सोयीचा.

तिरकस: घाटमाथा, माझ्या २७३ चं काय झालं?

घाटमाथा: बरं. परतीच्या वाटेपुरता अर्धा कावा मान्य.

तिरकस: उपकार झाले.

मावळातला: आणि वडगावला पूर्ण.

बॉस्टनची सून: तो वडापाव नक्की कुठल्या चौकात? डिसेंबरात येतेय.